पंचाहत्तरीची फिल्म

प्रिय गणू,

रणजीतच्या हातून पिशवी पाठवतेय. तिच्यात अप्पांच्या सगळ्या कॅसेटी आहेत, एक पेन ड्राइव्ह आहे आणि हे पत्र आहे. पत्र आधी वाच, मग बाकीचं बघ. ताई हाताने पत्र लिहायला लागली म्हणून तुला हसू येईल. पण फोन केला की तू हायवेवर असतोस नाहीतर मीटिंगमध्ये, आणि घरी असलास की फोन स्पीकरवर असतो. मग बोलणारे तिघं आणि ऐकणारं कोणीच नाही, असं होतं. व्हॉट्सअॅपवर लिहायला बोट धजत नाही. आपल्या घरातलं काहीही 'अप्पा पंचाहत्तर' ग्रुपवर जाऊन पडतं आणि त्याखाली आत्याचे जोडलेले हात येतात. म्हणून कागद.

आधी तुझ्या कामाची बातमी. फिल्म झाली. तू सांगितलीस तेवढ्याच लांबीची आहे. कंपनीच्या गेटसमोर उभे असलेले अप्पा आहेत, यमुनानगरच्या घराची वास्तुशांत आहे, तुझा पाचवा वाढदिवस, आळंदीची सहल, तुझं लग्न, तुझ्या पिंकीचा मागच्या वर्षीचा वाढदिवस, सगळं आहे. वर तू पाठवलेलं गाणं आहे. रविवारी निगडीच्या हॉलमध्ये पडद्यावर लागली की लोक टाळ्या वाजवतील, पुढच्या रांगेतले नगरसेवकही वाजवतील आणि अप्पा रुमालाने चष्मा पुसतील. त्या बाबतीत निर्धास्त राहा.

हे काम तू मला दिलंस तेव्हा मी आनंदाने घेतलं होतं. तू म्हणाला होतास, ताई, तू कंपनीत फिल्मा बनवतेस, तुलाच जमेल. गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या लाइनवर कुठली वायर कुठल्या खाचेत बसवायची ते मी मोबाइलवर शूट करून नव्या मुलींना दाखवते, त्याला तू फिल्म म्हणालास. आपल्या घरात माझ्या कामाला काहीतरी नाव मिळालं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की एवढ्या कॅसेटी बघायला रविवारचे रविवार जातील हे डोक्यातच आलं नाही. चिंचवड स्टेशनजवळ विक्कीचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो काढतो, लॅमिनेशन करतो आणि जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. त्याने एकेक कॅसेट उघडून बुरशी पुसली आणि म्हणाला, "ताई, चित्र येईल बऱ्यापैकी. साउंड मात्र मागेपुढे होतो. वरून एखादं गाणं टाका, कोणाला काय कळत नाय." तेव्हा मला वाटलं, याला कामाचा कंटाळा आहे. आपण नीट करू.

अप्पांनी तो कॅमेरा आणला तेव्हा तू खूप लहान होतास, तुला आठवायचं नाही. कंपनीतल्या कोणाचा तरी भाऊ आखातातून आला होता, त्याच्याकडून सेकंडहँड घेतला. खांद्यावर ठेवायचा, भला मोठा, काळा. फर्स्ट शिफ्ट करून आले की अप्पा जेवायच्या आधी त्याची पेटी उघडून काच पुसायचे. कॉलनीत कोणाचं बारसं असो, लग्न असो, 'शूटिंगवाले बबनराव' हजर. करमाळ्याकडून नुसत्या कपड्यांनिशी आलेला माणूस, लेथवर उभं राहून संसार केलेला, आणि आता सगळी कॉलनी त्यांच्यासमोर केस नीट करून उभी राहायची. त्यांचं सुख मला कळतं, गणू. त्या कॅसेटींमध्ये दुसऱ्यांची लग्नं आहेत, तिथला अप्पांचा आवाज ऐकत राहावा असा आहे. "वहिनी, जरा मान वर. हां. शाब्बास. घाबरायचं न्हाई, छान दिसताय." लोकांच्या घरच्या बायका त्यांच्यासमोर मोकळ्या हसतात. इतका मऊ आवाज त्यांच्याकडे होता हे मला या वयात कळलं, आणि तोही कॅसेटमधून.

आता विक्की म्हणाला त्या साउंडचं सांगते, म्हणजे पुढचं तुला समजेल. जुनी कॅसेट उतरवताना कॉम्प्युटरला सगळी चित्रं पकडता येत नाहीत, मधली मधली गळतात. आवाज मात्र सलग उतरतो. त्यामुळे चित्र हळूहळू पुढे सरकतं आणि आवाज मागे पडतो. कॅसेटच्या सुरुवातीला हे लक्षात येत नाही. शेवटाकडे आलं की माणूस तोंड मिटून बसलेला असतो आणि त्याचे शब्द मागून येत असतात. वास्तुशांतीत अप्पांनी नारळ फोडला, दोन्ही वाट्या हातात घेऊन ते उभे राहिले, आणि मग फुटल्याचा आवाज आला. आधी हसायला यायचं. मी आणि रणजीत, नवरा-बायको दोघं हसलो. मग मी ते जुळवायला बसले. त्याची युक्ती अशी, की जिथे आवाज डोळ्यांना दिसतो अशी जागा शोधायची. नारळ, टाळी, ताटावर पळी आपटणं. तिथे चित्र थांबवायचं, आवाज पकडून मागे ओढायचा आणि बरोबर खाली बसवायचा. पण तेवढ्याने भागत नाही. थोडं पुढे गेलं की पुन्हा चित्रं गळलेली असतात, पुन्हा अंतर पडतं. पुन्हा नवी जागा शोधायची, पुन्हा कापायचं, पुन्हा सरकवायचं. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की मी हेडफोन लावून बसायचे. रणजीत म्हणायचा, अगं, गाणंच टाकायचंय ना वर, मग कशाला जीव काढतेस? बिघडलेलं दिसलं की सोडवत नाही, क्वालिटीत काम करून लागलेली सवय.

तुझ्या पाचव्या वाढदिवसाची कॅसेट सगळ्यात बिघडलेली होती. तू ती पाहिली आहेस, आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिली आहे. बाहेरच्या खोलीत फुगे लावलेत, टेबलावर अननसाचा केक आहे, कॉलनीतली पोरं टोप्या घालून बसलीत आणि आई पांढऱ्या ठिपक्यांच्या निळ्या साडीत तुझ्यामागे उभी आहे. विक्कीकडून आलेल्या फाइलमध्ये ती आधी दचकते. काही झालेलं नाही, कोणी काही बोललेलं नाही, आणि तिचे खांदे एकदम वर जातात, हातातली सुरी खाली येते, नजर जमिनीकडे जाते. मग थोड्या वेळाने अप्पांचा आवाज येतो, "अगं ए, ध्यान! मागं सरक की. पोराच्या अंगावर काय पडतीस?" पाहणाऱ्याला वाटावं, ही बाई उगाच दचकली, गोंधळली, म्हणून तो बिचारा ओरडला.

आणि आपल्या घरातही ते तसंच सांगितलं जातं ना? आई भित्री. आई दचकते. फ्लॅश उडाला तरी दचकते, कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. अप्पांनी तिचं नावच 'दचकी' ठेवलं, आत्या तिला अजून त्याच नावाने हाक मारते, आणि ते लाडाचं नाव आहे असं आपण मानतो. तिला घबराटीच्या गोळ्या चालू झाल्या तेव्हा अप्पा डॉक्टरांना म्हणाले होते, हिच्या माहेरचे सगळे असेच. तू मानपत्राचा मजकूर वाचायला पाठवलास, त्यातही ते वाक्य आहे. 'सौ. दुर्गाबाईंच्या हळव्या, घाबऱ्या स्वभावाला अप्पांनी आयुष्यभर सांभाळून घेतले.' मजकूर कसा वाटला, असं तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतेय.

त्या कॅसेटमध्ये एक फुगा फुटतो. कोपऱ्यातला लाल. तो मला सापडला, मी आवाज ओढून बरोबर त्याच्याखाली बसवला आणि पुढे नुसतं चालू दिलं, जुळतंय का बघायला. जुळत होतं. पोरांच्या टाळ्या हातांवर पडत होत्या. मग अप्पांचा आवाज आला, "अगं ए, ध्यान!" आणि त्याच्यानंतर, गणू, त्याच्यानंतर आईचे खांदे वर गेले. मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. आधी आवाज, मग आई. वास्तुशांतीची कॅसेट काढली, त्यात हवनाजवळ, "पदर सांभाळ, म्हशे, जळशील," आणि मग ती. आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर तिला हातात ताट देऊन पायऱ्या उतरायला लावलंय. ती उतरते, "परत वर जा, न्हाई जमलं तुला," ती वर जाते, पुन्हा उतरते, "तोंड काय एरंडेल प्याल्यावानी?", पुन्हा वर. आजूबाजूचे लोक बघत उभे राहिलेत. जुळवल्यावर आणखी एक ऐकू यायला लागलं. अप्पा बोलले की आईचे ओठ हलतात. आधी ते कुठल्या तरी दुसऱ्याच गोंगाटावर पडायचे, त्यामुळे ती काय बोलते ते कळतच नव्हतं. ती दर वेळी एकच शब्द म्हणते. "चुकलं." काय चुकलं ते तिला कोणी सांगितलेलं नसतं.

तू म्हणशील, यात नवीन काय? आपण तिथेच होतो. हो, तिथेच होतो. वाढदिवसाच्या कॅसेटमध्ये मी टोपी घालून बाजूला आहे आणि तू केकसमोर. अप्पा तिला ध्यान म्हणाले की तू मागे वळून म्हणतोस, "आई ध्यान! आई ध्यान!" अप्पा कॅमेऱ्यामागे खो खो हसतात, चित्र हलतं, सगळी पोरं हसतात. तू पाच वर्षांचा होतास, त्याबद्दल तुला कोण बोलणार? मी बोलत नाहीये. मी नंतरचं बोलतेय.

शेवटी लावायला म्हणून तू पिंकीच्या वाढदिवसाची क्लिप पाठवलीस, तुझ्याच मोबाइलवरची. मोबाइलचं शूटिंगही कॉम्प्युटरवर घेतलं की कधीकधी सरकतं, म्हणून मी तेही तपासलं. सरकलं नव्हतं. दिव्या पिंकीचा हात धरून सुरी फिरवतेय. तुझा आवाज येतो, "दिव्या, बाजूला हो ना यार, फ्रेम अडवतेस. अक्कल गहाण ठेवलीस का?" तू हसत म्हणालास, मला मान्य आहे. 'यार' पण म्हणालास. ए.सी. चालू आहे, मागच्या भिंतीवर महागातली सजावट आहे, अप्पांचा तो काळा कॅमेरा नाही, तुझा नवा फोन आहे. आणि दिव्याचे खांदे वर गेले. इंजिनिअर झालेली, नोकरी करणारी मुलगी, पण खांद्यांनी तेच केलं. पिंकी हसली नाही. तिने आधी तिच्या आईकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुझ्याकडे. ती अजून ठरवतेय, गणू, कोणाच्या बाजूला उभं राहायचं ते.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता. मी एवढंच म्हटलं, की गाणं नको टाकूया, मूळ आवाज राहू दे, मी सगळा जुळवलाय. तू म्हणालास, "ताई, दीडशे पानं आहेत जेवायला, मोठी माणसं येणार आहेत, म्युझिक टाक आणि दे. त्या काळी सगळे असंच बोलायचे." मी म्हटलं, शेजारच्या वहिनींशी नाही बोलायचे. तू म्हणालास, "तू ना, प्रत्येक गोष्टीत आई-आई करतेस. अप्पांनी तुझं काय वाईट केलं?" माझं काही केलं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, मनासारखं लग्न केलं, अप्पा कधी आडवे आले नाहीत. माझ्यासाठी त्यांनी सायकल आणली होती, पावसात स्वतः चालवत आणली होती. म्हणून तर माझ्या तोंडातून इतकी वर्षं काही निघालं नाही. त्यांच्या चांगुलपणाचा वाटा आपल्याला मिळाला आणि उरलेलं सगळं एकटीच्या ताटात गेलं. आपण शेजारी बसून जेवत होतो.

मग तू आईला इकडे आणून सोडलंस. कार्यक्रमासाठी पाहुणे येणार, घराला रंग लावायचाय, तिला वासाचा त्रास होतो, राहू दे आठ दिवस तुझ्याकडे, असं म्हणालास. चाकणच्या त्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे तू वैतागला होतास, वर न येताच परत गेलास. ती पिशवी घेऊन लिफ्टच्या बाहेर उभी होती. पहिले दोन दिवस ती माझ्या घरात पाहुण्यासारखी वावरली. भांडं पडलं तर "चुकलं" म्हणायची. रणजीत घरात आला की उठून उभी राहायची. तो बिचारा मग बेल वाजवून, बाहेरूनच "आई, मीच आहे" असं म्हणून आत यायला लागला.

मी तिला काही दाखवणार नव्हते. तिनेच विषय काढला. मंगळवारी मी रजा घेतली होती, रणजीत फर्स्ट शिफ्टला गेला होता. दुपारची भाजी निवडता निवडता म्हणाली, गणू म्हणत होता तू शिनेमा बनवतीस, दाखव की. मी गाणं टाकलेली, तुझ्या पसंतीची फिल्म लावली. तिने सगळी पाहिली. स्वतःला निळ्या साडीत पाहून लाजली, तुझे गुबगुबीत गाल पाहून हसली. संपल्यावर म्हणाली, "छान झालंय. त्यांना आवडंल." मग म्हणाली, "पण आमचं बोलणं कुठं गेलं? नुसती तोंडं हलवत्यात सगळी." मी म्हटलं, गाणं आहे ना वर. ती म्हणाली, "बोलणं हाय का तुझ्याकडं? लाव."

मी नको म्हणायला हवं होतं का, याचा मी तेव्हापासून विचार करतेय. मी लावलं. वाढदिवसाची कॅसेट, जुळवलेली. ती पुढे सरकून बसली. फुगा फुटला. अप्पांचा आवाज आला, आणि माझ्या शेजारी, सोफ्यावर बसलेल्या आईचे खांदे पडद्यावरच्या आईबरोबरच वर गेले. मी बंद करायला गेले तर तिने माझा हात धरला. "परत लाव." मी परत लावलं. तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग बोट पडद्याकडे करून, मुलं हिशोब विचारतात तसं म्हणाली, "म्हंजे हे आधी बोलत्यात." मी म्हटलं, हो आई. "आन् मग मी दचकती." हो. तिने भाजीचं ताट मांडीवर ओढून घेतलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "मला आपलं वाटायचं, माझ्यातच कायतरी कमी हाय. देवानं घाबरट बनवलंय. गोळ्या पण घेतल्या गं मी त्याच्यासाठी." आणि मेथी निवडायला लागली. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला, एकही इकडची तिकडे नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन आला, तुला माहीत आहे, तूच लावून दिला होतास. मी तिच्या हातात दिला. ती स्वयंपाकघरात होती. रविवारी कोणती साडी नेसायची, किती वाजता तयार राहायचं, गाडी कधी येईल, हे सगळं अप्पा सांगत होते. तिने फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. मग म्हणाले, "आन् त्या दिवशी तरी नीट हुबी ऱ्हा. लोकांत शोभा करू नगंस." आईने फोन ओट्यावर ठेवला. बंद नाही केला, बंद कसा करायचा ते तिला येत नाही. शांतपणे परात ओढली, पीठ घेतलं आणि भाकरी थापायला लागली. अप्पा ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, बोलत राहिले. हॉल, फेटे, फोटोवाला, सगळं सांगत होते. भाकरी तव्यावर पडली, उलटली, फुगली, तरी बोलत होते. शेवटी "ऐकतीस ना?" असं म्हणून त्यांनी स्वतःच उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. तिने काय ऐकलं आणि काय नाही, हे त्यांनी आजवर कधी तपासलंच नाही, त्यामुळे त्यांना काही वेगळं झालंय असं वाटलंही नसेल.

हात धुऊन ती बाहेर आली आणि मला म्हणाली, गणूला लिही. मी विचारलं, फिल्मचं काय करू? आवाजाची पाठवू? माझ्या मनात काय होतं ते तुला सांगते. रविवारी सगळ्यांसमोर, मोठ्या स्पीकरवर, तो आवाज लागावा अशी माझी इच्छा होती. आत्याने ऐकावा, नगरसेवकांनी ऐकावा, मानपत्राच्या आधी ऐकावा. आई म्हणाली, "न्हाई. त्यांचा दिस हाय, लोकांपुढं नको. गाण्याचीच दे." म्हणून पेन ड्राइव्हमध्ये गाण्याची फिल्म आहे, तीच हॉलमध्ये लाव. तिच्याखाली 'गणू' नावाची दुसरी फाइल आहे. तिच्यात सगळे आवाज जागच्या जागी आहेत, तुझ्या घरातला आवाजसुद्धा. ती एकट्याने बघ. दिव्याला दाखवायची का, ते बघितल्यावर ठरव.

आणि हे पत्र ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते आता लिहिते. आई रविवारी येणार नाही. ती आजारी नाही, गुडघा नेहमीइतकाच दुखतोय, आणि मी तिला भडकवलेलं नाही. ग्रुपवर तुला काय कळवायचं ते कळव. तब्येतीचं कारण दिलंस तर मी खोडून काढायला येणार नाही. मी आणि रणजीतही येणार नाही, ती घरात एकटी राहील म्हणून. स्टेजवर सोफ्याऐवजी खुर्ची ठेव, म्हणजे शेजारची जागा मोकळी दिसणार नाही. औक्षणाला आत्या आहे. कार्यक्रम झाल्यावरही आई लगेच परतणार नाहीये. किती दिवस ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या रोजच्या चार साड्या, आधार कार्ड आणि पासबुक दिव्याकडून मागून रणजीतजवळ दे. दिव्याला निरोप आहे, सासूबाईंनी सांगितलंय, शाळेला सुट्टी लागली की पिंकीला घेऊन ये. तूही ये. ती तुझ्यावर रागावलेली नाही, ते काम सध्या मी करतेय. फक्त तिला घेऊन जायला म्हणून येऊ नकोस. आज सकाळी मी तिला विचारलं, गणू गाडी घेऊन दारात उभा राहिला तर काय करशील? ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मागे न वळता म्हणाली, "सांग त्याला, मी हितंच हाय." आणि गणू, हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की खाली पार्किंगमध्ये गाडी पुसत असलेल्या रणजीतने मान वर करून पाहिलं.

तुझीच,
अंजूताई